वीट कोणी भाजली?



गेल्या कार्तिकीनंतरची गोष्ट. माझी नात पुण्यात जंतुशास्त्रात संशोधन करते. दिवाळीला तिला येता आले नव्हते, म्हणून चार दिवस गावी आली होती. संध्याकाळचा हरिपाठ झाला, घरातले उठून गेले, तरी ती ओटीवर तशीच बसून राहिली. तोंड उतरलेले. मी विचारले, "काय गं बाई, बरं नाही का?" ती म्हणाली, "आजोबा, माझा एच-इंडेक्स चार आहे."

मला वाटले, रक्तातला काही आकडा असेल. म्हटले, "मग डॉक्टरांनी औषध काय दिलंय?" ती खळखळून हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. तेव्हा कळले की प्रकरण औषधाचे नाही. एका ठिकाणी नोकरीसाठी तिची मुलाखत झाली होती. तिने काय शोधले, कसे शोधले, हे कोणी विचारलेच नाही. विचारले ते एवढेच, की तुमचे लेख किती आणि त्यांचे उल्लेख किती झाले.

माझे आयुष्य कीर्तनात गेले. ह्या विषयात मला अक्षर कळत नव्हते. पण त्या चार दिवसांत तिने मला जे समजावले, त्यातून एक प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला आणि तो अजून हटत नाही. प्रश्न विज्ञानाचा कमी आणि तुमच्या-माझ्या परमार्थाचा अधिक आहे. म्हणून तो तुमच्यापुढे मांडतो.

आधी हा उल्लेख म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगतो. कीर्तनात आपण निरूपण करतो तेव्हा नुसते आपल्या मनचे बोलत नाही. एक सिद्धांत मांडला की त्याला प्रमाण देतो. ज्ञानोबारायांचे, नाथबाबांचे, तुकोबारायांचे. प्रमाण दिले की मागचे टाळकरी ते उचलून धरतात आणि ऐकणाऱ्याला खात्री पटते, की महाराज पदरचे काही सांगत नाहीत. शास्त्रज्ञही तेच करतात. नवा लेख लिहिताना, ज्या जुन्या लेखांच्या आधारावर ते उभे आहेत त्यांची नावे शेवटी लिहितात. म्हणजे संदर्भ हे त्यांचे प्रमाण. एखाद्याचा लेख दुसऱ्यांनी किती वेळा प्रमाण म्हणून घेतला, ती मोजदाद म्हणजे त्याचे उल्लेख.

ही मोजदाद पद्धतशीर सुरू केली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातल्या युजीन गारफिल्ड ह्या गृहस्थांनी. १९६४ साली त्यांनी विज्ञानातल्या संदर्भांची मोठी सूची बाजारात आणली. कल्पना त्यांना वकिलांच्या एका जुन्या सूचीवरून सुचली होती. कोणत्या जुन्या निकालाचा आधार पुढे कोणत्या खटल्यात घेतला गेला, हे ती सूची दाखवत असे. गारफिल्ड यांचा हेतू सरळ होता. एक विचार कुठून निघाला आणि कुठे कुठे पोचला, त्याची वाट सापडावी. पण वाट दाखवायला लावलेल्या दगडांचा लोकांनी तराजूतली वजने म्हणून उपयोग सुरू केला. २००५ साली कॅलिफोर्नियातले पदार्थशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी माणसामागे एकच आकडा काढायची युक्ती सांगितली. ज्याचे चार लेख असे आहेत की प्रत्येकाचा उल्लेख इतरांनी निदान चार वेळा केला, त्याचा आकडा चार. दहा लेख दहा-दहा वेळा उल्लेखलेले असतील, तर दहा. हाच तो एच-इंडेक्स. माझ्या नातीचे डोळे ज्याने भरले, तो हा चारचा आकडा.

मी लगेच म्हणालो, "मग हे सगळं चूकच की! ज्ञान असं मापाने मोजतात होय?" तर ती मला म्हणाली, "आजोबा, तसंही नाही. आकडा नसता तर वशिला असता. दोनशे अर्ज येतात, त्यांत खेड्यातून आलेली, कोणाच्या ओळखीची नसलेली माझ्यासारखी मुलगी असते. तिच्या बाजूने बोलणारं कोणी नसतं. तिथं निदान आकडा बोलतो." मी गप्प झालो. खरेच आहे. तराजू वाईट नसतो. फक्त कशाला तराजू लावायचा आणि कशाला नाही, हे तराजू धरणाऱ्याला कळायला हवे.

तराजू किती फसवतो, त्याचे एक उदाहरण तिने दिले. १९५१ साली अमेरिकेत ऑलिव्हर लॉरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लेख छापला. एखाद्या द्रवात प्रथिन किती आहे हे मोजायची सोपी रीत त्यात सांगितली होती. प्रथिन मोजायचे काम प्रत्येक प्रयोगशाळेत पडते, त्यामुळे जो तो लॉरी यांचे नाव लिहू लागला. त्या एका लेखाचे उल्लेख तीन लाखांच्या वर गेले. विज्ञानाच्या इतिहासात सर्वांत जास्त उल्लेख झालेला लेख तोच. आणि लॉरी स्वतः काय म्हणत? तो काही आपला थोर लेख नव्हे, असे त्यांनीच कबूल केले होते. मोठ्या मनाचा माणूस! म्हणजे उल्लेखाने कळतो तो उपयोग. घरात सर्वांत जास्त वेळा हात लागतो तो तांब्याला, म्हणून देवघरातल्या मूर्तीपेक्षा तांब्या मोठा ठरत नाही. आणि तांब्या टाकाऊही ठरत नाही.

इथवर मी कौतुकाने ऐकत होतो. पुढे तिने जे सांगितले, त्याने मात्र मी हललो, कारण ती गोष्ट थेट आपल्या पंढरपूरच्या वाळवंटापर्यंत येते.

माउली, तुमच्यातल्या वयस्कर मंडळींना पटकी आठवत असेल. कोणी महामारी म्हणत, कोणी वाखा. गावात पटकी शिरली की मरीआईचा गाडा काढून शिवेपार ढकलत नेत. जुलाब आणि वांतीने सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी दिसत नसे. आणि जिथे लाखो माणसे एकत्र येऊन एकाच नदीचे पाणी पितात, तिथे तिला आयतेच रान मिळे. वारी आणि पटकी यांची सांगड इंग्रज सरकारच्या काळापासून पडलेली. माझ्या आजीचे एक चुलते असेच वारीला गेले ते परत आले नाहीत. मी स्वतः पहिल्यांदा आषाढीला गेलो ते १९५९ साली, दहा वर्षांचा असताना, आजीचे बोट धरून. पंढरीत शिरण्याआधी पटकीची सुई टोचून घ्यावी लागली. दंड सुजला होता, ताप भरला होता, आणि आजी म्हणाली होती, "इठ्ठलाच्या भेटीला एवढी वेदना सोसली पाहिजे, लेकरा."

त्याच १९५९ साली, आमची दिंडी निघण्याच्या थोडे आधी, मे महिन्यात, विलायतेतल्या 'नेचर' नावाच्या साप्ताहिकात एक छोटा लेख छापून आला. लिहिणारे होते कोलकात्याचे डॉक्टर शंभुनाथ डे. जन्म १९१५ चा, हुगळी जिल्ह्यातल्या गरिबाटी ह्या खेड्यातला.

त्यांनी काय केले ते सांगतो. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉक ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ साली कोलकात्यातच ओळखला होता. हा जंतू काहीतरी विष सोडत असावा, असा तर्कही त्याने केला होता. त्यानंतर पाऊणशे वर्षे मोठमोठे लोक ते विष शोधत राहिले. जंतूंचा अर्क प्राण्यांच्या रक्तात टोचून पाहिला, पोटाच्या पोकळीत टोचून पाहिला. हाती काही लागले नाही. शंभुनाथ डे यांनी साधा विचार केला. रोग आतड्यात होतो, तर आतड्यातच पाहिले पाहिजे. सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधून त्यांनी त्यात जंतू सोडले. तो भाग पाण्याने टम्म फुगला. हे १९५३ साली. मग पुढची पायरी. जंतू वाढवलेल्या पाण्यातून जंतू पूर्ण गाळून काढले आणि नुसते गाळलेले पाणी आतड्यात सोडले. तरी आतडे फुगले! म्हणजे जंतू तिथे असण्याचीही गरज नाही. त्याने सोडलेले विषच आतड्याला पाणी ओकायला लावते. पाऊणशे वर्षांचे कोडे सुटले.

सशांचे ऐकून माळकऱ्याच्या मनाला टोचते, हे मी जाणतो. मलाही टोचले. ते दुःख मी झाकत नाही. पण ज्यांची लेकरे वाचली त्या आयांचाही विचार मनात आला, आणि मी पुढे ऐकत राहिलो.

ह्या शोधाचा अर्थ फार मोठा होता. पटकीत माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. आतड्याची शोषायची ताकद तेव्हाही शाबूत असते आणि साखरेच्या संगतीने मीठ-पाणी आत घेतले जाते, हे पुढे इतरांच्या शोधांतून स्पष्ट झाले. असे अनेक ओहोळ मिळून मीठ-साखरेच्या पाण्याचा उपाय उभा राहिला. १९७१ साली बांगलादेशाच्या लढाईत लाखो निर्वासित बंगालात आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाइन पुरेना. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि आयाबहिणींना सांगितले, आपापल्या माणसाला पाजत राहा. शंभरात तीस माणसे दगावत होती, तिथे चारांहूनही कमी दगावू लागली. आज वारीच्या वाटेवर आरोग्यपथकातली पोर तुमच्या हातात जे पुडीचे पाणी देते, ते ह्याच कुळातले.

आता मूळ मुद्द्यावर येतो. शंभुनाथ डे यांच्या त्या लेखाचे पुढे काय झाले? कितीतरी वर्षे त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही. ते आपले शिकवत राहिले, शवे तपासत राहिले, तुटपुंज्या साधनांनी प्रयोग करत राहिले. १९७८ साली नोबेल प्रतिष्ठानने पटकीवर परिसंवाद भरवला, तिथे त्यांना मानाने बोलावले गेले. नोबेल मिळवलेले जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव नोबेलसाठी सुचवले. पण घरी? आपल्या देशाने त्यांना जिवंतपणी कोणताही मोठा सन्मान दिला नाही. पिकते तिथे विकत नाही म्हणतात, ते असे. १९८५ साली ते वारले. १९९० मध्ये 'करंट सायन्स' ह्या आपल्या देशातल्या नियतकालिकाने त्यांच्यावर खास अंक काढला. तो बघायला ते नव्हते.

आणि गंमत पाहा. त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने, १९८६ साली, त्यांच्या कामाचा माग काढून त्यावर सविस्तर लिहिले ते कोणी? उल्लेख मोजणाऱ्या त्याच गारफिल्ड यांनी. म्हणजे मोजणाऱ्यालाच हा न मोजलेला माणूस सापडला. म्हणून म्हटले, तराजूला दोष देऊ नका.

पटकीच्या बाबतीत हे आधीही घडले आहे. कॉकच्या तीस वर्षे आधी, १८५४ साली, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात फिलिप्पो पाचिनी ह्या वैद्याने तोच जंतू सूक्ष्मदर्शकातून पाहून लिहून ठेवला होता. कोणी लक्ष दिले नाही. पाचिनी १८८३ साली वारले, पुढच्याच वर्षी कॉकचा जयजयकार झाला. १९६५ मध्ये जंतूच्या शास्त्रीय नावाला पाचिनींचे नाव आणि १८५४ हे साल अधिकृतपणे जोडले गेले. ऋण फिटायला एकशे अकरा वर्षे लागली.

हे सगळे ऐकल्यावर मी नातीला तेच सांगितले, जे पन्नास वर्षे कीर्तनात सांगत आलो. म्हटले, "बाई, हाच तर निष्काम कर्मयोग. फळाची आशा धरायची नाही. शंभुनाथांनी धरली नाही. तूही आकड्याचा विचार सोड. काम कर, पांडुरंगाला अर्पण कर."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "आजोबा, त्यांनी आशा धरली नाही, हा त्यांचा निष्कामपणा. पण ज्यांनी त्यांचं नाव घेतलं नाही, तो कोणाचा निष्कामपणा?"

माउली, सत्तरी ओलांडली तरी असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. उत्तर सुचेना. त्या रात्री झोप आली नाही, कारण त्या प्रश्नाने माझीच एक जुनी गाठ उकलली होती. ती आज तुमच्यापुढे मोकळी करतो.

मी पंचविशीत असताना आमच्या दिंडीत एक म्हातारे टाळकरी होते. अक्षरशत्रू. वीटभट्टीवर राबणारे. माती कालवायची, साचात थापायची, वाळवायची, भट्टी रचून भाजायची, हा जन्माचा धंदा. एकदा मुक्कामावर भाकरी खाता खाता ते मला म्हणाले, "महाराज, पुंडलिकानं वीट फेकली, देव तिच्यावर उभा राह्यला. समदे देवाचे पाय बघतात, पुंडलिकाची सेवा सांगतात. पर ती वीट कुणीतरी भाजली आसंल का न्हाई? त्या बापड्याला काय ठावं, ही वीट कुठं जाणार! कुणाच्या गोठ्याला लागंल, कुणाच्या चुलीला लागंल. म्हणून त्यो हर एक वीट सारखीच भाजतो. कच्ची ठिवली, आन् नेमकी तिच्यावरच देव उभा राह्यला तर?"

माउली, हा दृष्टांत मी चाळीस वर्षे कीर्तनात सांगितला. सप्ताहात सांगितला, काल्याला सांगितला. त्याची कॅसेट निघाली. लोकांच्या डोळ्यांना धारा लागत. मोठमोठे महाराज म्हणत, "काय सुचलं हो तुम्हाला!" आणि मी? मी हात जोडून मान खाली घालत असे. ऐकणाऱ्याला तो विनय वाटे. ती चोरी होती. 'मला सुचले' असे मी कधी म्हटले नाही, पण 'अमक्यांनी सांगितले' असेही कधी म्हटले नाही. एकदा ते म्हातारे स्वतः ऐकायला समोर बसले होते. कीर्तन संपल्यावर पाया पडायला आले आणि एवढेच म्हणाले, "ग्वाड झालं, महाराज." त्यांच्या तोंडावर रागाची रेघ नव्हती. त्या वेळी मला हायसे वाटले. आता त्या हायसे वाटण्याचीच लाज वाटते. ते निष्काम होते, आणि त्यांच्या निष्कामपणाचा मी माझ्या कृतघ्नपणावर पांघरूण म्हणून उपयोग केला.

ते गेले त्याला पुष्कळ वर्षे झाली. नात परत पुण्याला गेल्यावर मी त्यांच्या गावी गेलो. तिथे सप्ताह चालू होता. आता उभे राहून कीर्तन होत नाही, म्हणून विणेकऱ्यांची परवानगी घेऊन बसूनच बोललो. त्यांचे नाव, आळी, भट्टीची जागा, सगळे सांगून तो दृष्टांत ज्याचा त्याच्या पदरी घातला. त्यांची सून पुढे बसली होती. ती म्हणाली, "बाबा, गावासमोर बोललात, लई झालं. छापू नका, आमच्या मामांना आवडलं नसतं." म्हणून ते नाव मी इथे लिहीत नाही. जिथे दडवले होते, तिथे ते परत केले आहे.

ह्या सगळ्यातून मला जे कळले ते असे, माउली. निष्कामता हा देणाऱ्याचा धर्म आहे, आणि कृतज्ञता हा घेणाऱ्याचा. ह्या दोन वेगळ्या वाटा आहेत आणि आपण त्यांची सोयीने अदलाबदल करतो. स्वतःच्या नावाची पाळी आली की आपल्याला उल्लेख हवा असतो, आणि दुसऱ्याच्या नावाची पाळी आली की आपल्याला वैराग्य आठवते. 'त्यांना कुठे नावाची हौस होती', असे म्हणून आपण हात झटकतो. खरा परमार्थ नेमका उलटा. आपले नाव राहिले तर राहू द्यावे, पण दुसऱ्याचे राहू देऊ नये.

आपल्या संतांची नाममुद्रा पाहा. अभंगाच्या शेवटी नाव येते, म्हणून कोणी म्हणेल, संतांनाही नावाची आवड होती. पण नीट पाहा. जनाबाई स्वतःचे नाव घेते तेव्हा त्याला नामदेवांचे नाव जोडून घेते. ज्ञानोबारायांच्या कितीतरी अभंगांत मुद्रेच्या जागी स्वतःचे नावच नाही, रखुमादेवीवराचे आहे; आणि जिथे आहे तिथे बहुधा निवृत्तिनाथांचे स्मरण सोबत आहे. ज्ञानेश्वरी लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नाव ग्रंथाच्या शेवटी आदराने नोंदलेले आहे. गाथा म्हटली की संताजी जगनाडे महाराजांना आपण विसरत नाही. सातशे वर्षांपूर्वी ज्यांनी लेखकूचेही नाव टाकले नाही, त्यांची आपण लेकरे आहोत. आपल्याकडे नाममुद्रा ही ऋणाची नोंद आहे, मालकीचा शिक्का नव्हे.

शास्त्रज्ञांचा संदर्भ मुळात तसाच होता. आता त्याचा बाजार झाला, असे नात सांगते. काही लोक आपल्याच जुन्या लेखांची नावे पुन्हा पुन्हा लिहून आकडा फुगवतात. काही टोळी करतात, तू माझे नाव लिही, मी तुझे लिहितो. उंटाने गाढवाच्या गळ्याची तारीफ करावी आणि गाढवाने उंटाच्या रूपाची, त्यातला प्रकार. पैसे घेऊन लेख लिहून देणारे कारखानेही निघाले आहेत म्हणे. ऐकून हसू नका, माउली. आपल्या अंगणात काय चालले आहे? फलकावर कोणाचे चित्र मोठे, नावामागे किती पदव्या, मोबाइलवर कीर्तन किती जणांनी पाहिले, बिदागी किती, ह्यावरून महाराज मोठा ठरतो. एच-इंडेक्स आपल्याकडेही आहे, फक्त त्याला नाव दिलेले नाही. आणि दुसऱ्याच्या चाली, दुसऱ्याचे दृष्टांत, मृदंगमण्याचे कसब, हे सगळे आपलेच म्हणून मिरवणाऱ्यांत मी स्वतः होतो, हे वर सांगितलेच आहे.

मग मार्ग कोणता? मला दोन नियम सुचतात. पहिला काम करणाऱ्यासाठी. तो त्या भट्टीवाल्या म्हाताऱ्यांचाच आहे: प्रत्येक वीट सारखी भाजावी. कोणती वीट गोठ्याला जाईल आणि कोणती देवाच्या पायाखाली, हे आपल्याला कळत नाही. लॉरी यांना ठाऊक नव्हते की त्यांच्या साध्या रीतीला तीन लाख माणसे हात लावतील. शंभुनाथांना ठाऊक नव्हते की त्यांच्या शोधाच्या वाटेवरून पुढे किती जणांना जावे लागेल. दोघांनीही वीट पक्की भाजली. आकडा पुढे लागला, एकाला उदंड, एकाला उशिरा. भाजण्यात फरक नव्हता.

दुसरा नियम घेणाऱ्यासाठी. तो कडक आहे. ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव घ्यावे, तो मागत नसला तरी घ्यावे, आणि तो मागत नसेल तर अधिक आवर्जून घ्यावे. ते तो जिवंत असताना घ्यावे. दिलीप महालनोबिस २०२२ च्या ऑक्टोबरात गेले, आणि पद्मविभूषण जाहीर झाले २०२३ च्या जानेवारीत. गेलेल्याच्या तसबिरीला घातलेला हार सुंदर दिसतो, पण त्याचा वास त्याला येत नाही. आणि ज्यांच्या हाती तराजू आहे, नोकऱ्या आहेत, मान आहेत, त्यांनी आकडा वाचल्यावर एक पाऊल पुढे जाऊन तो लेखही वाचावा. मुलीला विचारावे, 'बाळ, तू शोधलंस काय?' एवढे विचारायला वेळ नसेल, तर निवड करायचा अधिकार तरी कशाला घ्यावा?

नातीला मी नंतर फोन केला. दृष्टांत सांगितला, कोणाचा ते आधी सांगून. ती म्हणाली, "आजोबा, मी आता लेख लिहितेय त्यात शंभुनाथांच्या १९५९ च्या लेखाचा संदर्भ टाकतेय. हल्ली लोक नंतरच्या मोठ्या लेखांचाच टाकतात. मी मूळचा टाकते." मी म्हटले, "टाक. आणि तुझा आकडा?" म्हणाली, "चारच आहे अजून." पण ह्या वेळी आवाज भरलेला नव्हता. नोकरी अजून लागलेली नाही. लागावी अशी मी पांडुरंगाजवळ रोज मागणी करतो. आजोबाला एवढी सकामता माफ असावी.

येत्या वारीत तुम्ही पायावर डोके ठेवाल, माउली, तेव्हा कपाळ पायांना लागेल आणि नजर विटेवर पडेल. क्षणभर थांबा. मागचे लोक ढकलतील, बडव्यांच्या काळीही ढकलत होते, तरी क्षणभर थांबा, आणि आपल्या आयुष्याच्या विटा कोणी कोणी भाजल्या ते आठवा. मग घरी आल्यावर त्यांतले जे हयात असतील, त्यांच्या दारी जाऊन सांगून या.

रामकृष्ण हरी.